दुसरा साक्षीदार

कापणीच्या सणाच्या उपासनेत आमच्याकडे उपदेशाआधी साक्षींसाठी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले हे ज्याने त्याने उभे राहून सांगण्यासाठी, थोडा वेळ राखून ठेवतात. गेल्या वर्षी त्या रविवारी वेदीच्या कठड्यापुढे नेहमीप्रमाणे सगळा माल मांडलेला होता. भाताच्या पेंढ्या, माती न झाडलेली रताळी, गुळाची ढेप, नाचणीची पिशवी, दोन भोपळे आणि पाय बांधून ठेवलेला एक कोंबडा, जो प्रत्येक प्रार्थनेच्या ऐन मध्यावर आरवत होता. सगळ्या चर्चमध्ये नव्या भाताचा आणि ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. पहिला उठला तो एक तरुण. दुबईचा व्हिसा वारंवार नाकारला गेला, मग उपास धरला, प्रार्थना केली आणि अखेर व्हिसा हातात पडला, असे त्याने सांगितले, आणि मंडळीने छप्पर दणाणेल असा आमेन म्हटला. त्याच्यानंतर मागच्या बाकावरून एक आजी उठल्या. त्या खानापूर तालुक्यातल्या, बिडीच्या बाजूच्या. सणापुरत्या मुलाकडे आलेल्या. उभ्या राहीपर्यंतच त्यांना वेळ लागला. म्हणाल्या, "बांधावरल्या चिंचेवरनं शेजारणीशी मी कैक वर्षं बोलत नव्हते. यंदा चिंच दोघींनी मिळून झोडली. आता बोलूलाव आमी. एवढंच. प्रभूचे उपकार." आणि बसल्या. कुठूनतरी एक अर्धवट आमेन आला. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिले, पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला, आणि पेटीवाल्याने सूर धरला.

एवढाच प्रसंग. पण तो मनातून जाईना.

व्हिसा मिळालेल्या त्या मुलाला हसण्याचा माझा मुळीच हेतू नाही. आमच्या भागातल्या निम्म्या घरांचे कोणी ना कोणी गोव्याला, पुण्याला नाहीतर आखातात असते, आणि नोकरी ही ज्या घराला लागते त्या घराला ती देवाची देणगीच वाटते. तसे वाटणे योग्यही आहे. उपकार मानावेत, जरूर मानावेत. पण त्या साक्षीत देवाचे राज्य नेमके कुठे होते, हे मला काही केल्या सापडेना. त्याच आठवड्यात ज्याचा व्हिसा नाकारला गेला, त्याच्याकडे ते राज्य आले नाही, असे म्हणायचे काय? आमच्या साक्षींना हळूहळू एक ठरावीक घाट आला आहे. आधी संकट, मग प्रार्थना, मग सुटका, आणि शेवटी मंडळीने द्यायची दाद. सांगणारा प्रामाणिक असतो, पण ऐकता ऐकता सगळा उजेड त्याच्यावरच पडतो. योहानाच्या शुभवर्तमानात खुद्द येशू म्हणतो की मी स्वतःविषयी साक्ष दिली तर माझी साक्ष खरी नाही. ज्याने असे म्हटले त्याच्या नावाने आम्ही दर रविवारी स्वतःविषयीच बोलत बसतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपले. आणि आजींची साक्ष तर त्यांच्या एकटीची नव्हतीच. तिच्यात चिंचेच्या पलीकडे आणखी एक बाई उभी होती, जी त्या चर्चमध्ये नव्हती, कधी येणारही नव्हती, आणि जिला जाऊन विचारता आले असते की हे खरे का.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आठवडी बाजारात उभे राहून सुवार्ता सांगणाऱ्यांपैकी होते. एक पेटी, एक ढोलकी, हिरव्या-निळ्या पुठ्ठ्याची छोटी शुभवर्तमाने भरलेली ट्रंक, आणि तिच्या शेजारी मी. पुस्तके राखायला मला बसवलेले असे, पण माझे सगळे लक्ष शाळेतले कोणी येत-जात तर नाही ना, याकडेच. गाणे चालू असले की माणसे थांबत, कारण गाणे ओवीच्या चालीवर असे आणि वडिलांचा गळा बरा होता. गाणे संपून बोलणे सुरू झाले की तीच माणसे मिरच्यांच्या ढिगांकडे सरकत. त्या गर्दीचा वास अजून नाकात आहे. वाळल्या मिरचीचा ठसका, गुळावरच्या माश्या, बैलांचे शेण, आणि पावसाळ्यात या सगळ्यावर भिजलेल्या घोंगड्यांचा दर्प. एका बाजारी वडील देवाचे राज्य जवळ आले आहे या वचनावर रंगात येऊन बोलत होते, तेव्हा आमच्या ओळखीचा एक किराणा दुकानदार मागून मोठ्याने म्हणाला, "मास्तर, तुमचं राज्य येईल तेव्हा येऊ दे, माझी दोन महिन्यांची उधारी कधी येणार?" बाजार हसला. वडिलांनी पुस्तक मिटले. संध्याकाळी त्यांनी कुणाकडून तरी हातउसने घेऊन ती उधारी चुकती केली, आणि त्यानंतर कितीतरी आठवडे ते बाजारात उभे राहिले नाहीत. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "आधी त्याच्या तोंडून बरं निघू दे, मग मी बोलतो."

त्या वयात मला त्या दुकानदाराचा भयंकर राग आला होता. आज वाटते, त्या बाजारात वडिलांचे बोलणे इतक्या नीट ऐकणारा तोच एक होता.

मोशेच्या नियमशास्त्रात एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणतीही गोष्ट शाबीत धरू नये, दोघा किंवा तिघांच्या तोंडून ती ठरावी, असा दंडक आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो आहे आणि नव्या करारात पुन्हा पुन्हा येतो. आम्ही तो फिर्यादींपुरता मानतो. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की देवाच्या राज्याविषयी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही तो लागू आहे, आणि त्याचा दुसरा साक्षीदार जवळजवळ नेहमीच चर्चच्या बाहेर असतो. उधारी देणारा वाणी, बांधापलीकडची शेजारीण, घरी धुणे-भांडी करणारी बाई, हाताखालचा शिपाई. यांना विचारल्याशिवाय आमची साक्ष अर्धीच राहते. चर्चमध्ये आमेन म्हणणारे सगळे आमचेच, आणि स्वपक्षाच्या आमेनने कोणतीही गोष्ट शाबीत होत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात शिष्य येशूला एक प्रश्न विचारतात, आणि बेळगावात वाढलेल्या माणसाला तो फार ओळखीचा वाटतो. इस्राएलाचे राज्य तू याच काळात पुन्हा स्थापणार काय? चाळीस दिवस त्याने त्यांना देवाच्या राज्याच्या गोष्टी सांगितल्यावर यांचा प्रश्न काय, तर आमचे आम्हांला परत कधी मिळणार. मी यांना नावे ठेवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून आमच्या घरात हाच प्रश्न जेवणाच्या ताटावर विचारला गेला आहे. सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग आला आणि गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचे सरकारी नावही बदलले. आजोबा ज्या बातमीची वाट पाहत गेले तिची वडिलांनी पाहिली, आणि आता मी पाहतो असे म्हणायलाही मन कचरते. त्या तारखेला चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्या झेंड्यांची आणि कर्ण्यांची दाटी असते, कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. आणि मराठी माणसे काळ्या फिती लावून मूक सायकल फेरीला निघतात. जुन्या ख्रिस्ती पंचांगात हीच तारीख सर्व संतांची आहे, हे मात्र दोन्ही बाजूंना कधी सांगावेसे वाटले नाही. त्या दिवशी इब्री लोकांस पत्रातला तो उतारा वाचतात, ज्यात साक्षीदारांचा एवढा मोठा मेघ आपल्याभोवती आहे असे म्हटले आहे. वडील सकाळी तो उतारा घरी वाचत आणि मग काळी फीत लावून सायकल काढत. त्या दोन्ही गोष्टी ते सारख्याच गांभीर्याने करत, आणि एकीचा दुसरीशी काय संबंध, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

येशूचे उत्तर मात्र चमत्कारिक आहे. तो प्रश्न खोडून काढत नाही, शिष्यांना वेड्यातही काढत नाही. काळ आणि समय पित्याने स्वतःच्या हाती ठेवले आहेत, एवढे सांगतो आणि लगेच काम सोपवतो: "तुम्ही माझे साक्षी व्हाल." आणि मग गावांची वाट सांगतो. यरुशलेम, मग यहूदीया, मग शोमरोन. या तिसऱ्या नावाशी शिष्य अडखळले असतील, याची मला खात्री आहे. शोमरोनी म्हणजे ज्यांच्या विहिरीवर यहूद्याने पाणी मागायचे नाही ते लोक. देव तोच, पूर्वज तेच, आणि म्हणूनच भांडण अधिक कडवट. पृथ्वीच्या शेवटापर्यंत जाणे त्या मानाने सोपे असावे. आमच्या मंडळीतून आफ्रिकेतल्या कामासाठी वर्गणी आनंदाने जमते. पण शोमरोनला जायला आम्हांला बोटीत बसावे लागत नाही. तो सकाळी साडेदहाला व्हरांड्यात येऊन उभा असतो.

म्हणजे असे की, आमच्या इमारतीत आधी मराठी उपासना होते आणि नंतर कन्नड. भिंतीवर गीतांच्या क्रमांकांचा लाकडी फलक आहे, त्याला खाचा आहेत आणि त्या खाचांत आकड्यांच्या पट्ट्या सरकवतात. मराठी उपासना संपली की शिपाई स्टुलावर चढतो, देवनागरी आकडे काढून खोक्यात टाकतो आणि दुसऱ्या खोक्यातले कन्नड आकडे लावतो. लहानपणी मला हे आकडे बदलणे पाहायला फार आवडे. मोठेपणी, विशेषतः ज्या वर्षी मराठी-कन्नड नामफलकांवरून गावात दगडफेक झाली त्या वर्षी, तेच पाहताना पोटात काहीतरी आवळल्यासारखे झाले. आमचा उपदेश दर रविवारी लांबतो. पंधरा मिनिटे, कधी वीस. तोवर कन्नड मंडळीतली म्हातारी माणसे बाहेर उन्हात उभी असतात, बायका पदराने वारा घेतात, मुले खिडकीच्या गजांतून आत डोकावतात. आत आम्ही शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी ऐकत असतो आणि शेजारी बाहेर ताटकळत असतो. माझे स्पष्ट मत आहे की उपदेश वेळेत संपवणे ही आमच्या मंडळीला करता येण्यासारखी सर्वांत मोठी साक्ष आहे. हे मी एकदा बोलूनही दाखवले, आणि तेव्हा ते विनोद म्हणून घेतले गेले.

या गावाला साक्षीची परंपरा काही थोडी नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक इथे १८२० मध्ये आले, १९०४ मध्ये त्यांनी आपले काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवले, आणि या दोन तारखांच्या मध्ये, १८३१ मध्ये, बेळगावातल्या एका कासार कुटुंबात बाबा पदमनजींचा जन्म झाला. त्यांनी १८५४ मध्ये इथेच बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडे मुलांना त्यांचे एवढेच सांगतात: धर्मांतर केले, त्रास सोसला, टिकून राहिले. मला त्याच्या पुढची तीन वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. १८५७ मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यात विषय घेतला तो हिंदू विधवांच्या हालांचा. तिच्यात धर्मप्रचार आहे, नाही असे नाही, आणि आज वाचताना तो जागोजागी खटकतो. पण स्वतःला काय मिळाले हे सांगण्याऐवजी, ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते अशा बायकांकडे त्यांनी पाहिले आणि जे पाहिले ते मांडले, इतके की कोणत्याही वाड्यातल्या विधवेला ते वाचून दाखवावे आणि तिने सांगावे, हे खरे की खोटे. त्यांच्यानंतर साठ वर्षांनी, १९१७ मध्ये, नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेल्यांबरोबर न झालेल्यांनाही जागा ठेवली. पुढे दोनच वर्षांनी टिळक गेले. दरबार फार काळ चालला नाही, आणि मंडळ्यांना तो फारसा रुचलाही नव्हता. पण राज्य देवाचे असेल तर त्याच्या दाराशी नोंदवही घेऊन आपण बसायचे नाही, एवढे त्या माणसाला कळले होते.

नोंदवहीवरून आठवले. डिसेंबर २०२१ मध्ये हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरले होते आणि त्यात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. पुढे २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलू पाहणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. आमिष दाखवल्याचा आरोप शाबीत झाला तर तीन ते पाच वर्षे कैद, बाई, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर दहापर्यंत. आमिषात भेटवस्तूही आली आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षणही आले. पुढे सरकार बदलले आणि जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरवलेही, पण त्या डिसेंबरातली हवा मी विसरलेलो नाही. घरोघरच्या प्रार्थना थांबल्या. कॅरोल गाणाऱ्या पोरांना ढोलकी नेऊ नका म्हणून सांगितले गेले. नाताळच्या करंज्या शेजारी द्यायच्या की नाही, यावर आमच्या घरात गंभीरपणे चर्चा झाली. एखाद्याने कोणत्या देवापुढे हात जोडावेत याचा पंचनामा सरकारी कचेरीत व्हावा, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. पण माझ्या मनात दुसरीही एक गोष्ट आहे. कायदा करणाऱ्यांनी आमच्यावर घेतलेल्या संशयाचे थोडे बियाणे आम्हीच पुरवले आहे. वार्षिक अहवालात आम्ही डोकी मोजतो. रोग बरा झाल्याच्या साक्षी मोबाइलवर फिरवतो. साक्षीची जाहिरात झाली की ऐकणाऱ्याने किंमत विचारावी, यात नवल ते काय.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत काही तरुण येऊन चौकशी करून गेले. इथे कोण कोण जमते, बाहेरचे कोणी येतात का, पैसे वाटतात का. त्यांनी हे आम्हांला विचारलेच नाही, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला विचारले. तो कन्नड बोलणारा, कपाळाला विभूती लावणारा, आमच्याशी त्याची सलगी दुधाच्या हिशेबापुरती. त्याने काय सांगितले ते मला दुसऱ्या दिवशी त्याच्याच तोंडून कळले. "सांगितलं त्यांना, बुधवारी गाणी म्हणतात. बेसूर म्हणतात. बाकी काही तक्रार नाही." हे सांगताना त्याने दुधाचे माप थांबवलेही नाही. ते ऐकून बरे वाटले, पण मनात असेही आले की इतक्या वर्षांच्या शेजाराची साक्ष ती एवढीच, तक्रार नाही. त्याच्या बापाच्या आजारपणात आमच्यापैकी कोणी गेले होते काय? मला आठवेना.

कापणीच्या सणाचा लिलाव नेहमीप्रमाणे बाहेर पटांगणात झाला. तो कोंबडा गुळाच्या ढेपेपेक्षा महाग गेला. लिलाव चालू असताना मी बिडीच्या आजींजवळ जाऊन बसलो आणि चिंचेचे काय झाले ते विचारले. भांडण मोजणीचे होते. चिंच बांधावर की बांधाच्या अलीकडे, यावरून दोन घरांचे बोलणे तुटले होते. शेंगा झाडावरच काळ्या पडत, नाहीतर रात्री कोणी पाडून नेई. मग गेल्या पावसाळ्यात आजींच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, ओढ्याला पाणी आलेले, रुग्णवाहिका पलीकडेच अडकली, तेव्हा शेजारणीच्या घरचा ट्रॅक्टर निघाला आणि सून पोचली. मी म्हटले, मग आजी, तुम्ही समेट केलात. त्यांनी मान हलवली. "मी न्हवं बाबा. तीच पहिली बोलली. मी दारात हुभी होते, तिनंच हाक मारली." मी विचारले, मग हे चर्चमध्ये का नाही सांगितलेत? "सांगणार होते. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं." मी आणखी एक विचारले, आणि विचारताच मला वाटले की हे त्या अहवालांच्या सवयीतूनच आले: तिला कधी चर्चला आणणार का? आजींनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. "कशाला? तिचं देऊळ हाय तिला. ती हितं येणार न्हाई म्हणून बोलायचं न्हाई व्हय?"

देवाचे राज्य बांधाच्या पलीकडून आले होते, आणि आजींनी ते आले तिथून आले असेच सांगितले. त्यात स्वतःची भर घातली नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातला तो आंधळा आठवतो, ज्याला परूशी, म्हणजे त्या काळचे धर्मपुढारी, खोदून खोदून विचारतात आणि जो म्हणतो की बाकीचे मला ठाऊक नाही, एवढेच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. मात्र त्याच्याही आईबापांना बोलावून त्या पुढाऱ्यांनी विचारलेच: हा तुमचाच मुलगा का, हा जन्मतःच आंधळा होता का? आईबापांनी एवढ्याला होय म्हटले आणि पुढचे त्यालाच विचारा म्हणून ते भिऊन बाजूला झाले. दुसरा साक्षीदार मिळणे असे अवघड असते.

२०२६ मध्ये १ नोव्हेंबर रविवारी येतो. त्या दिवशी मिरवणुकीसाठी आणि फेरीसाठी रस्ते बंद असतील, दोन उपासना लागोपाठ घेणे जमणार नाही, म्हणून मराठी आणि कन्नड मंडळींनी सर्व संतांची एकच उपासना करावी अशी सूचना कमिटीपुढे आली. सूचनेवर कोणाचा आक्षेप नव्हता. वाद पेटला तो वचन आधी कोणत्या भाषेत वाचायचे यावर, आणि बैठक त्यावरच मोडली. आमच्या बाजूचे म्हणाले, इमारतीत पहिली उपासना आमची, म्हणून मराठी आधी. त्या बाजूचे म्हणाले, त्या तारखेला तरी कन्नड आधी. मी कमिटीला चिठ्ठी लिहून दिली आहे की वाचन कन्नडमध्ये आधी व्हावे. ती लिहिताना वडिलांची काळी फीत डोळ्यांपुढे होती आणि हात जड झाला होता, हे मी लपवत नाही. चिठ्ठीत पुढे असेही लिहिले आहे की त्या दिवशी उपदेश वीस मिनिटांत संपवावा. पहिल्या मुद्द्यावर दोघे-तिघे माझ्याशी बोलेनासे झाले आहेत, दुसऱ्यावर पाळकसाहेब.